सोनकीचं स्थळ

सोनकी माजावर आली आणि केसरीनाथाला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला.

"वहिनी, आता बघ. तिला सरदाराजवळ सोडतो. पिल्लांचे कान असे उभे ऱ्हातील!" त्याने दोन्ही पंजे डोक्याला लावून दाखवले.

चंद्रा ओटीवर लेकीला पाजत होती. दिराचं बोलणं ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "भावोजी, सरदार बाप हाय तिचा."

"कुत्र्यांत बाप-लेक कोन बघतो? उलट जात पक्की व्हते."

केसरीनाथ काल्हेरला सुताच्या गोदामावर राखणदार. शहात्तर सालातली गोष्ट. सुताच्या गाठी चोरीला जायच्या, गोदामवाले तिखट कुत्री शोधत फिरायचे. तशी नवी जात आपल्याच अंगणात काढायची आणि तिला आपलं नाव द्यायचं, या वेडाने त्याला झपाटलं होतं. सरदार हा शेठने दिलेला अर्धा अल्सेशियन. त्याच्यापासून गावठी कुत्रीला झालेली ही सोनकी. तिचा एक कान उभा, एक पडका. तो पडका कान केसरीनाथाच्या डोळ्यांत खुपायचा.

चंद्राच्या डोळ्यांत सरदारच खुपत होता. आषाढात त्याने रांगत्या लेकीचा दंड धरला होता. दातांच्या खुणा अजून गेल्या नव्हत्या. तेल लावताना तिचं बोट रोज तिथे अडायचं. त्या दिवशी केसरीनाथ म्हणाला होता, "राखणीचा कुत्रा हाय, चावनारच." नवरा यंत्रमागावर पाळीला होता, तो घरी आल्यावर खुणा बघून जेवायला बसला होता. आता तसल्याच पिल्लांनी अंगण भरणार, आणि पोर उद्या चालायला लागणार.

"मोरूकाकांचा भुऱ्या बघा," ती म्हणाली. "राखन करतो, पन पोरं पाठीवर बसली तरी गुरगुरत न्हाय."

"त्याचे कान बघितलेस? पापडासारखे लोंबतात!"

"कान बघून नवरा करता? मला बघायला आलात तवा पन तेच. चालून दाखव, केस सोड, दात बघू. सभाव कुनी इचारला न्हाय."

सासू, रंगूबाई, सुपातल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, "इचारला असता तर आनली असती व्हय?"

केसरीनाथ खदाखदा हसला आणि खोपीत जागा करायला गेला.

चंद्राने लेकीला सासूच्या मांडीवर ठेवलं, सोनकीची दोरी सोडली आणि भर दुपारी आळीतून निघाली.

"काय गं, कुठं चाललीस?" विहिरीवरून गुणाबाईने विचारलं.

"मुलगा बघायला!"

मोरूकाकांच्या अंगणात तिने दोरी हातातून सोडून दिली. सोनकीने भुऱ्याला हुंगलं, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि शेपूट बाजूला घेऊन उभी राहिली.

केसरीनाथ काठी घेऊन धावत आला तोवर उशीर झाला होता. कुत्री एकमेकांत अडकलेली. त्याने काठी उगारली. चंद्रा मध्ये उभी राहिली.

"जात बाटवलीस माझी!"

"बाटू दे! तुमची जात माझ्या पोरीला चावते."

सगळी आळी ऐकत होती. काठी हळूहळू खाली आली.

ती सोनकीला घेऊन घरी परतली तेव्हा पोर रडून लाल झाली होती आणि चंद्राची चोळी दुधाने ओली झाली होती. रंगूबाईने लेक तिच्या हातात दिली.

"मग? पसंत पडला का मुलगा?"

"पडला," चंद्रा म्हणाली. "सोनकीला."

तिने पोरीला पदराखाली घेतलं. बोट पुन्हा त्या खुणांवर गेलं. सोनकी तिच्या पायाशी पडका कान जमिनीवर टाकून झोपली.