रांजणाला लागलेली नोकरी

मी एक जुना रांजण आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे. पनवेलकडच्या एका कुंभाराने मला थापीने बडवून बडवून आकार दिला आणि मग आव्यात भाजले. आम्हा मातीच्या भांड्यांचे लाड असेच होतात.

जुईनगरच्या जुन्या गावठाणात चंद्राबाईने मला दारात बसवले. ती खाडीची मासळी विकायची. तेव्हा गावात पाण्याची बोंब होती आणि मिळायचे तेही गढूळ. ती माझ्या पोटात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसायचा आणि ते निवळ पाणी सारी आळी प्यायची. लोक वाखाणणी करायचे आणि मी फुगायचो. पुढे घरात फ्रीज आला. मला जिन्याखाली ढकलले आणि माझ्या तोंडात कांदे, छत्र्या, फाटक्या चपला कोंबल्या. गरज सरो नि वैद्य मरो!

चंद्राबाईला एकच नात, रुतिका. आईबाप नसलेल्या या पोरीला म्हातारीने मासळी विकून बी.कॉम. केले. तुर्भ्याच्या एका गाळ्यात अभय नावाचे गृहस्थ नैसर्गिक वाइन बनवतात. म्हणजे द्राक्षे ठेचायची, आपोआप आंबू द्यायची आणि वरून काहीही घालायचे नाही, गढूळ दिसली तरी. रुतिका तिथे बिले करायला लागली. पण तिचे नाक इतके तिखट, की कुठले पिंप बिघडते आहे हे ती दारातूनच सांगायची. ताजी मासळी वासावर ओळखायला आजीने शिकवले होते. हे मात्र तिने गाळ्यात कधी कोणाला सांगितले नाही.

अभयसरांनी तिला स्वतःची वाइन करायला सांगितली. एका मोठ्या हॉटेलच्या साहेबाला ती पसंत पडली, तर वाइन बनवण्याची पक्की नोकरी. नाहीतर पुन्हा बिले. तिला मातीचे भांडे हवे होते, म्हणून जिन्याखालून निघून गाळ्यात माझी वर्णी लागली. तिने माझ्या पोटात मेणाचा हात फिरवला, द्राक्षे भरली आणि मी महिनोन्‌महिने आतल्या आत खदखदत राहिलो. म्हातारपणी नोकरी लागली, मला ताठा तर येणारच.

साहेब यायच्या आदल्या दिवशी रुतिका डबा घरी विसरली. तो घेऊन चंद्राबाई गाळ्यावर आली, तेव्हा रुतिका बाहेर गेली होती. मला पाहून म्हातारीचे डोळे भरून आले. तिने माझे झाकण उचलले.

"कवरा गढूल हाय गो! उद्या मोठी मानसा येनार न पोरीला कलत पन नाय!"

कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने तुरटीचा खडा आणला आणि मन लावून फिरवला. मी ओरडलो असतो, पण मला नुसते तोंड आहे.

दुसऱ्या दिवशी नातीचे कौतुक बघायला ती लुगडे नेसून पुन्हा दारात उभी. साहेबाने घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"नॅचरल म्हणता आणि हे काय? जीभ आवळून आली!"

"रुतिका, काय मिसळलंस तू?" अभयसरांचा आवाज चढला.

"काहीच नाही, सर. शपथ!"

चंद्राबाई हसत पुढे आली. "तिला कशाला दम देताय? तुरटी मीच फिरवली. बघा तरी, कसा निवल झालाय!"

साहेब खो खो हसला. अभयसरांनी विचारले, "ही कोण?"

रुतिकाने आजीकडे पाहिले.

"झाडलोट करायला येते, सर. बदलीवर आलीय. तिला काय कळतंय."

मी पुष्कळ बडवून घेतले आहे, पण असा घाव कधी बसला नव्हता. चंद्राबाई तशीच हसत उभी राहिली. मग म्हणाली, "माजा चुकला, साहेब." तिने कोपऱ्यातला झाडू घेतला आणि ती झाडू लागली.

मग सगळेच निवळले. सगळे खुर्च्यांवर बसले. साहेब म्हणाला, पुढच्या हंगामात पुन्हा चाखू. सर म्हणाले, रुतिका, चूक त्या बाईची, तुझ्या नाकावर माझा भरवसा आहे; तुझी नोकरी पक्की समज.

मित्रांनो, शेवटी तुमच्याकडे काही मागायची आम्हा वस्तूंची रीत आहे. पण मला आता रोज मऊ फडक्याने पुसतात, माझे फोटो काढतात. मातीची भांडी जपायला तुम्हाला छान जमते. माणसे जपायचीही सवय करा.

तर त्या दिवशी झाडत झाडत चंद्राबाई रुतिकाच्या खुर्चीपाशी आली.

"पाय उचला, मॅडम," ती म्हणाली.

रुतिकाने पाय उचलले.