व्याध नेमका कुठला

विज्ञानाच्या बाईंच्या पोटात दुखायला लागलं, ते धाकटी जाऊ त्यांच्याच शाळेत भाषा शिकवायला आली तेव्हापासून. तोवर आभाळ हा बाईंचा प्रांत होता. काळ्या कागदाला सुईनं भोकं पाडून, मागून विजेरी धरून त्या भिंतीवर मृग नक्षत्र उमटवायच्या, तेव्हा मागच्या बाकावरची वांड पोरंही चिडीचूप व्हायची.

आता प्रश्नच वेगळे येत. "बाई, चांदण्या मोजल्या की चामखीळ येते ना? भाषेच्या बाई सांगत होत्या."

"तारा तुटताना मागितलं ते मिळतं, हो ना बाई?"

"तारा तुटत नाही. बारीक दगड असतो तो, हवेत जळून जातो," बाई सांगायच्या. पोरं माना डोलवायची आणि मधल्या सुट्टीत धाकटीभोवती गोळा व्हायची.

शाळेतलं एक वेळ बाईंनी गिळलं असतं. पण त्यांची स्वतःची लेक मनी घरीही काकूच्या खोलीतून हलेना. एकदा बाई तिच्यावर डाफरल्या, तर म्हणाली, "लोक असं का म्हणायचे ते काकू सांगते. तू नुसतं खोटंय म्हणतेस."

बाईंनी हातातला डाव पातेल्यात आपटला.

हेडमास्तरांनी पालकांसाठी शाळेच्या गच्चीवर आकाशदर्शन ठरवलं. "दोघी जावा मिळून करा. एकीनं तारे दाखवायचे, दुसरीनं गोष्टी सांगायच्या." बाई "हो सर" म्हणाल्या, पण तोंड कडू झालं.

आदल्या दिवशी तिन्हीसांजेला बाई घराच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या. धाकटी वर आली. "ताई, हसू नका हं. मला गोष्टी येतात, पण आभाळातलं काही म्हणजे काही ओळखू येत नाही. निदान मृग आणि व्याध दाखवा. उद्या फजिती नको."

बाईंनी मृगाचे चार पाय दाखवले, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण दाखवला.

"आणि बाण मारणारा व्याध?"

बाणाच्या रेषेत खाली गेलं की व्याध, वर गेलं की रोहिणी. व्याध अजून समोरच्या इमारतीआड होता. बाईंनी हातातल्या कपड्याची घडी घातली.

"वर बघ. तो तांबूस दिसतोय ना, तोच."

"शिकारी शोभतो खरा!" धाकटी म्हणाली. "तुम्ही आहात म्हणून बरं, ताई."

दुसऱ्या दिवशी शाळेची गच्ची पालकांनी भरून गेली. धाकटीनं सुरुवातच अशी केली, "ताऱ्याकडे बोट केलं की बोट वाकडं होतं म्हणतात. आमच्या ताई इतकी वर्षं बोट दाखवताहेत, बघा, एक तरी वाकडं आहे का!" सगळे हसले. मग तिनं हरणामागे धावणाऱ्या शिकाऱ्याची गोष्ट अशी रंगवली, की कडेवरची पोरंही रडायची थांबली. "आणि तो बघा वर, तांबड्या डोळ्यांचा व्याध!"

"काकू, ती रोहिणी!" मनी ओरडली. "व्याध खाली आहे. केवढा चमकतोय बघ! आईनं शिकवलंय मला."

हशा पिकला. बाई डोळ्यांत तेल घालून धाकटीचा चेहरा बघत होत्या. धाकटीनं एकदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"चुकलंच माझं," ती हसत म्हणाली. "ताईंनी कालच घोकून घेतलं होतं. पण माझ्या डोक्यात काही राहील तर शपथ!"

"किती मोकळ्या मनाची बाई," मागून कुणीतरी म्हणालं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे यातही हीच जिंकली! 'आईनं शिकवलंय' हे शब्द कानांवर पडूनही आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत, हे त्यांना जिना उतरताना कळलं.

घरी जाताना मनी पुढे उड्या मारत चालली होती.

"ताई, मुद्दाम ना?"

"हो."

"का पण?"

"माझी पोर नेलीस तू."

धाकटी थांबलीच. "नेली? माझ्या खोलीत बसून तिचं अखंड 'आई म्हणते, आई म्हणते' चालू असतं. गोष्ट संपली की म्हणते, खरी आहे का ते आईला विचारते. मला मूल नाही, ताई. एकदा तरी तिनं 'काकू म्हणते' म्हणावं म्हणून आटापिटा करते मी."

"आणि माझ्यापाशी 'काकू म्हणते'शिवाय दुसरं काय म्हणते ती?" बाई म्हणाल्या.

धाकटीला हसू आलं नाही. ती झपझप पुढे निघून गेली. पुढचे काही दिवस दोघींचं बोलणं चहा-पाण्यापुरतंच राहिलं.

मग एका संध्याकाळी ती मनीला घेऊन गच्चीवर आली. "परत दाखवा, ताई. या वेळी साक्षीदार आणलाय."

ते बाईंना झोंबलं. पण त्यांनी कपड्यांची दोरी सोडून बाजूला केली आणि तिघी कठड्याशी उभ्या राहून व्याध इमारतीवर यायची वाट बघू लागल्या. मनीचा हात काकूच्या हातात होता. बाईंच्या पोटात बारीक कळ आलीच.

"खाली बघ," त्या म्हणाल्या. "येईलच आता. सगळ्यात लखलखीत असतो तो."