सतरंजीवर न बसलेली मुले

सकाळी शिपाई निवृत्ती ग्रामपंचायतीचे कुलूप काढतो, ओट्यावर मला झटकतो आणि सभागृहात भिंतीच्या कडेने अंथरतो. माझ्यातली धूळ खिडकीच्या उन्हात बराच वेळ तरंगत राहते.

मित्रांनो, देऊळघाटजवळच्या एका खेड्यातली मी जुनी सतरंजी. खामगावच्या बाजारातून आले, तेव्हा माझ्या निळ्या-तांबड्या पट्ट्यांवर लोक कौतुकाने हात फिरवत. लसीकरण, बचत गटाच्या बैठका, जयंतीची तयारी, सारे माझ्यावरच झाले. आता कडेचे दोरे सुटले आहेत. त्याचे दुःख नाही. दुःख आहे ते एका सभेचे.

गावातली काही मुले शाळा सोडून पाण्याच्या टाकीमागे बसू लागली होती. आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा, मग दारूची बाटली. गावातल्या केसरबाईंचा मुलगा अश्वजितही तिथेच असे. मुलांना सावरायला गावात काय हवे, हे गावालाच विचारावे म्हणून आरोग्यसेविका सिंधूताईंनी सभा बोलावली.

"टाकीपाशी कॅमेरे लावा," गावातले वडीलधारे रामराव म्हणाले. "अन् मायबापाले दंड ठोका!"

"दंडानं पोरगं घरी येते काय, भाऊ?" केसरबाईंनी विचारले. माझी कड त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

एवढ्यात अश्वजित दाराशी आला. आईनेच त्याला यायला सांगितले होते. वडीलधारी मंडळी बसली की पोरांनी सतरंजीवर पाय ठेवायचा नाही, ही आमच्या गावची रीत.

"तू काऊन आला बे?" रामराव म्हणाले. "आलाच तं चपला राख आमच्या!"

सभा खो-खो हसली. अश्वजित क्षणभर थांबला आणि निघून गेला. माझा अर्धा भाग रिकामा होता, मित्रांनो. पण सतरंजीला कुणाला हाक मारता येत नाही. कॅमेऱ्यांचा ठराव झाला.

सगळे गेल्यावर केसरबाई म्हणाल्या, "ताई, माहा पोरगा हातचा जाऊन राह्यला."

सिंधूताई माझी कड गुंडाळू लागल्या. "ज्याइच्यासाठी सभा, त्याइलेच बोलावलं नाही आपण," एवढेच त्या बोलल्या.

मला ऊन दाखवा, उंदरांपासून जपा, ही माझी विनंती आहेच. पण मला अंथराल तेव्हा माझ्यावर कोण बसले नाही, तेही एकदा पाहा. मला ते दिसते. सांगता मात्र येत नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सिंधूताईंनी निवृत्तीला विचारून मला खांद्यावर घेतले आणि टाकीमागे नेऊन अंथरले.

"पंगत हाय काय, ताई?" गोकुळ नावाच्या मुलाने टोमणा मारला.

"नाही. तुमाले काय पाह्यजे, ते इचाराले आली."

"कोणी धाडलं?" अश्वजितने विचारले.

"कोणीच नाही."

मुले दगडांवरून हलली नाहीत. सिंधूताई बाजूला मातीतच बसल्या आणि माझी सगळी जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवून वाट पाहत राहिल्या.