विमलच्या चौकटीचा ओळंबा

मी ओळंबा बोलतोय. एरवी गप्प लटकत राहणं हेच माझं काम, पण आज सांगतोच.

बेळगावच्या कारखान्यात मी घडलो. वजनदार पोट, खाली टोक, वर दोरी. नंतर रामनगरच्या दुकानात खिळ्यांच्या डब्यामागे दोन वर्षं धूळ खात पडलो. गवंड्याकडे स्वतःचा ओळंबा असतोच, मग घरमालक मला कशाला घेईल? पण विमलने घेतलं. "गवंड्याचा त्याच्यापाशी असू दे. मला माझा पायजे," असं तिने दुकानदाराला सुनावलं आणि मला ती बाई तिथेच आवडली.

पंचायतीच्या योजनेतून तिचं घर उभं राहत होतं. नवरा यशवंत ट्रकवर, अधूनमधून घरी. ठेकेदार नागराज गोड बोलायचा, पण त्याला घाई फार. दाराची चौकट बसवायची त्याच दिवशी दुपारी इंजिनिअर तपासायला येणार होता. नागराजने चौकट टेकू लावून उभी केली आणि मी पिशवीतून निघायच्या आत पूजाही उरकायला लावली. हळदकुंकू लागलं, डहाळी बांधली, नारळ फुटला. पूजा झालेल्या चौकटीला आमच्याकडे कुणी हात लावत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग विमलने मला टांगलं. मी थोडा झुललो आणि थांबलो. दोरी वर चौकटीपासून एक बोट लांब, खाली तीन बोटं. म्हणजे चौकट कललेली.

"अक्का, पूजा झालीया. आता हलवू नगासा," नागराज म्हणाला. "गिलाव्यात झाकून जातंय. काम बरोबर हाय म्हणून ह्या कागदावर सही करा."

त्या दिवशी घरी आलेला यशवंत चुळबुळला. "ऱ्हाऊ दे गं. देवाचं हाय."

विमलने कागद बाजूला सारला. खरं सांगतो, मला भीती वाटली.

"देवाची समजूत मी काढीन," ती म्हणाली. "दार लागलं न्हाई तर पाऊस माझ्या घरात येणार, तुमच्या न्हाई. चौकट काढा. पूजा परत करूया. सही मागनं."

इंजिनिअर आला तेव्हा चौकट भुईवर आडवी होती. आता हा परत जाणार, असं वाटलं. पण सगळं ऐकून तो सिमेंटच्या पोत्यावर बसला, चहा प्याला आणि चौकट पुन्हा उभी राहिल्यावर त्याने मलाच मागितलं. वर एक बोट, खाली एक बोट. विमलने सही केली. दुसऱ्या नारळातला मोठा तुकडा नागराजनेच खाल्ला.

आता शेजारीपाजारी मला मागून नेतात. नंदिगड्ड्यालाही जाऊन आलो. घर बांधणाऱ्यांनो, गवंड्यावर विश्वास जरूर ठेवा, पण सही करण्याआधी मला एकदा टांगा. मला राग-लोभ नाही, मी फक्त सरळ लटकतो.

परवा नवं दार बसलं. विमलने एका बोटाने ढकललं, ते अलगद लागलं. तिने उघडलं, परत लावलं.

"काय करतीस?" यशवंतने विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली आणि आणखी एकदा लावलं.