भटक्याचे डोळे

रेघीच्या बाबांच्या कामाच्या खोलीत एक नियम होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. झाडं, भिंती, घोडे, माणसांचे कपडे, सगळं रेघीनं काढायचं. डोळे मात्र बाबांनी. पान वाळलं की बाबा सगळ्यात बारीक निब घ्यायचे, आणि कागदावरची माणसं एकेक करून बघायला लागायची. रेघा सरळ मारते म्हणून पोरीचं नाव रेघी पडलं, पण एक बुबुळ काही तिच्या वाट्याला कधी आलं नाही.

मग बाबांना झटका आला, तोही मांगाचं, म्हणजे त्यांच्या जपानी धाटणीच्या चित्रकथेचं, शेवटचं प्रकरण अर्धवट असताना. शेवट त्यांनी तिला सांगून ठेवला होता: नायक, ज्याला सगळे भटक्या म्हणत, झाडाला टेकून बसतो आणि कायमचे डोळे मिटतो. बस्स. पण बाबा पलंगावर डोळे मिटून निपचित पडलेले, आणि इथे हिनं भटक्याला मारायचं? रेघीच्यानं ते होईना. तिनं त्याला झाडाला टेकवला, पापण्या उघड्या ठेवल्या आणि आतली जागा पांढरी सोडली. बाबा उठतील, तेच भरतील. संपादकाचे फोनवर फोन येत होते. बाबा काही उठले नाहीत, आणि पान तसंच छापून गेलं.

वाचक असे खवळले की विचारू नका. इतकी वर्षं ज्याच्या मागे फिरलो, तो शेवटी आंधळ्यासारखा झाडाखाली बसतो? हा काय शेवट झाला? पण राग चार दिवसांत विरतो, चेष्टा मात्र टिकते. पांढरे डोळे म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच. कुणी त्यांत अंड्याचे बलक बसवले, कुणी मांजराचे डोळे, कुणी गाडीचे दिवे, आणि खाली ओळ: 'शेवट वाचल्यावर मी.' खोटं कशाला बोला, एकदोन मीम बघून रेघीलाही हसू आलं.

ते पान बाजारात आलं त्याच दिवशी बाबांनी डोळे उघडले होते. आत्यानं, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीनं, आनंदानं शेजार गोळा केला. पण उघडलेले डोळे परत मिटेनात. झोपेतही नाही. डॉक्टरांनी थेंब दिले, पापण्यांवर चिकटपट्टी लावायला सांगितली. पट्टी सकाळी उशीवर पडलेली असायची.

"अगं रेघे," आत्या एका दुपारी स्वयंपाकघरात आली, "तुझ्या बापाला झालंय तरी काय? मला डोळा मारला त्यानं. सख्ख्या बहिणीला!"

रेघी हसली. मग सहज फोन उघडला, तर सगळीकडे एकच मीम फिरत होतं: भटक्या डोळा मारतोय.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी भटक्याला तिरळा केला. रेघी फोन हातात घेऊनच खोलीत गेली. बाबांची दोन्ही बुबुळं नाकाशी येऊन थांबली होती. मग कुणी त्याला रडका केला. आत्या दिवसभर ओले अभ्रे बदलत राहिली. बाबांचा चेहरा मात्र दगडासारखा, त्यावरची एक सुरकुती हलत नव्हती. हसावं की रडावं कळू नये अशी वेळ माणसावर कधीतरी येते. रेघीवर ती रोज येऊ लागली.

मग एका चाहत्यानं स्पर्धा जाहीर केली. रविवारी सगळ्यांनी भटक्याचे डोळे जाळायचे, सगळ्यात झकास आगीला बक्षीस. नमुन्यादाखल त्यानं एका डोळ्याच्या कोपऱ्यात ठिणगी काढली होती. रेघी धावली. बाबांच्या त्याच डोळ्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता, आणि खोलीत काहीतरी करपल्याचा वास येत होता.

तिनं हात जोडून लिहिलं, थांबा. लोकांनी त्याचंही मीम केलं.

मग तिनं मूळ पान काढलं आणि पापण्या स्वतःच मिटवायला घेतल्या. शाई झाडावर धरली, कपाळावर धरली. डोळ्यांच्या पांढऱ्यावर मात्र तेलावरच्या पाण्यासारखी ओघळून गेली. नियम नियम असतो.

"आत्या, बाबांच्या पाठीशी उशी दे."

"काय चालवलंयस? त्याला पाण्याचा घोट गिळता येत नाही, आणि तू निब देतेस हातात?"

"त्यांचं काम राहिलंय."

डोळे मिटले की काय होणार हे रेघीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिनं ते उघडे ठेवले होते. तिनं पान बाबांच्या मांडीवर टेकवलं, निब बोटांत दिली आणि आपला हात काढून घेतला.

"बाबा, जा आता," ती म्हणाली. "मी नाही अडवत."

इतके दिवस मेलेल्या बोटांनी निब घट्ट धरली. एक कमान. मग दुसरी. शाई धरली. बाबांनी पानाकडे पाहिलं, आणि त्यांच्या पापण्या सावकाश खाली आल्या. आत्यानं नाकाशी हात धरला, मग पदर तोंडाला लावला. "गेला गं," ती म्हणाली.

रेघीनं ते पान कुणालाच दाखवलं नाही. ते कपाटात ठेवून तिनं कुलूप लावलं.

रविवारी स्पर्धेत ढिगानं चित्रं आली. आग होती, धूर होता, आणि प्रत्येक चित्रात भटक्याचे डोळे मिटलेले होते. जुन्या मीममध्येसुद्धा. कुणी नवे डोळे चिकटवून बघितले, तर चित्र पाठवेपर्यंत ते पापण्यांखाली गेलेले असायचे. चाहते एकमेकांना विचारत होते, हे केलं कुणी?

रेघीनं खाली एकच शब्द लिहिला, 'बाबांनी', आणि फोन पालथा ठेवून मोठ्यांदा रडली.