तळघरावरची घोडी

जुलैत तळघरातून टपटप ऐकू आली आणि माइस शिडीच्या मधल्या पायरीवरच थबकली. गावाखालची जमीन बारा महिने गोठलेली. तिच्या पोटात सासऱ्यांनी खणलेल्या या तळघरात मांस, मासे आणि चहासाठी तळ्यातून कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या राहायच्या. पाण्याचा थेंब तिथे कधी कुणी पाहिला नव्हता. आता लाद्या घामेजल्या होत्या आणि एका कोपऱ्यातली माती चक्क मऊ लागत होती. ती अशीच सुटत गेली तर तळघर बसणार, आणि त्याला लागून असलेलं घरही.

"उन्हाळे तापायला लागलेत," नवरा बहीलाय म्हणाला. "सगळीकडे तेच."

"सगळीकडे म्हणजे कुठे रे म्हाताऱ्या? बघून आलास?"

माइसला कसलं चैन पडतंय! ती तडक शेजारच्या मोतुरुओनाकडे गेली.

"मासे हवेत की गावच्या खबरा?" मोतुरुओनाने विचारलं.

"तुझं तळघर बघायचंय."

"अगं बाई! दोन वर्षांत झाडलंसुद्धा नाही मी ते."

आत सगळं कोरडं ठणठणीत. गोठलेल्या भिंतीला हात लावला तर बोटं चिकटली! आणि बाहेर येऊन तळघरावरची जमीन बघावी तर नुसता उकिरडा. गावचे मोकळे घोडे हिवाळाभर तिथे बागडायचे, जिकडेतिकडे लीद. माइसच्या अंगाचा तिळपापड झाला. बहीलायने गेल्या शरदात दुखऱ्या कमरेने तळघराभोवती कुंपण घातलं होतं, घोड्यांनी घाण करू नये म्हणून. वर हिवाळाभर फावड्याने बर्फ रचला होता, थंडीत भर म्हणून. एवढी निगा राखून गळावं कुणाचं, तर आपलंच?

हा प्रश्न तिने ऑक्टोबरपर्यंत चघळला. पहिला दाट बर्फ पडला आणि बहीलाय नेहमीसारखा तो घराच्या भिंतींना लिंपायला लागला.

"का रे लावतोस तो भिंतीला?"

"डोकं फिरलं का तुझं? घरात ऊब राहावी म्हणून!"

"मग तळघरावर कशाला रचलास?"

बहीलायचं फावडं हवेतच राहिलं.

"गोधडी घातली गं मी त्याला," तो म्हणाला. "ऐन थंडीत, अख्खा हिवाळा! गारठा आत शिरणार कुठून?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"आता रडू नकोस. पहार आण."

दोघांनी मिळून कुंपण उपटलं. सगळ्यांत आधी आली ती त्यांचीच करडी म्हातारी घोडी, जिला माइस वर्षानुवर्षं झाडू घेऊन तिथून हाकलत आली होती. खुरांनी बर्फ उकरून ती खालचं पिवळं गवत खायला लागली. ती जिथे उकरी, तिथे जमीन उघडी पडून गारठत जाई.

नोव्हेंबर आला, घोडा कापून हिवाळ्याचं मांस साठवायचा महिना. बहीलाय दोर घेऊन निघाला.

"कुठे?"

"करडीला आणायला. तूच म्हणालीस ना, दोन वर्षं शिंगरू नाही, फुकट खाते?"

माइस त्याच सकाळी तळघरात उतरून आली होती. कोपऱ्यातली माती पुन्हा टणक लागली होती.

"तिला हात लावायचा नाही. ती कामावर आहे."

"आणि मांस?"

"दुसरं जनावर बघ. मांस ठेवायला आधी तळघर तर उरू दे!"

बहीलाय दोर गुंडाळत परत फिरला. घोडी तळघरावर उकरतच होती. तिच्या पाठीवर जाडसर बर्फ साचला होता. तो झटकायला माइसने सवयीने झाडू उचलला, आणि परत ठेवून दिला. राहू दे, म्हणाली, तेवढीच ऊब तिला.