पेनातली स्प्रिंग

हिरव्या रंगाखाली राखाडी निघाला, राखाडीखाली तपकिरी आणि तपकिरीखाली निळा. निळा दिसला तसं जगन घरतने हातातलं पातं खाली ठेवलं.

पनवेलजवळ सुकापूरला त्याच्या घरामागे पत्र्याची शेड होती. एके काळी तिथे बैल बांधत. आता बैलही नव्हते आणि शेतही नव्हतं. शेताच्या जागी सात मजली इमारत उभी होती. जमिनी गेल्या तेव्हा जगनच्या थोरल्या भावाने डंपर घेतले, चुलतभाऊ बिल्डर झाला, आणि जगन तेवढा कळंबोलीच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंड कातायच्या लेथवर उभा राहायला गेला. “आमचा जगन लोखंड सोलतो,” अशी भावकीत त्याची थट्टा व्हायची. तो हसून सोडून द्यायचा. एकतीस वर्षं त्याने लोखंड सोललं, आणि एकाच लेथवर सोललं.

वर्कशॉप बंद पडलं, मशीनं भंगारात निघाली, तेव्हा जगनने आपला लेथ तेवढा मागून घेतला. मुलाने, प्रणितने, हायड्रा क्रेन लावून तो शेडमध्ये आणून ठेवला. “घरात सून आनली तवा एवडी जागा केली नव्हती,” असं त्याची बायको हौसा म्हणाली खरी, पण जुन्या साड्या तिनेच काढून दिल्या. पावसाळाभर जगन लेथ सुटा करत राहिला. एकेक भाग डिझेलमध्ये धुवायचा, गंज उतरवायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि साडीवर ओळीने मांडायचा. गिअर बसले, लेथचा बेड आरशासारखा झाला, त्याच्या पायाखालचे बोल्ट पिळून त्याने दोन दिवस खपून लेव्हल काढली. दसऱ्याला पूजा करून मशीन सुरू करायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. दसरा आठ दिवसांवर आला होता. राहिला होता तो लीव्हर.

मोटर चालू असतानाही लेथ थांबवून ठेवतो तो हा लीव्हर. मधल्या जागी असला की मशीन उभं, खाली पडला की कातायचा तुकडा, म्हणजे जॉब, पकडणारा चक फिरायला लागतो. त्याच्या मुळाशी एक पोलादी गोळी असते आणि गोळीमागे स्प्रिंग. स्प्रिंग गोळीला खाचेत दाबून धरते, म्हणून लीव्हर जागचा हलत नाही. हे सगळं एका बारक्या स्क्रूच्या आत असतं. त्या स्क्रूवरचाच रंग जगन खरवडत होता.

वर्कशॉपची पद्धत अशी की पाच-सात वर्षांनी दसऱ्याला मशीनला रंग द्यायचा, पण जुना काढायचा नाही, त्यावरच नवा फासायचा. कुठल्या साली कुठला रंग होता, हे जगनला तोंडपाठ होतं. निळा एकदाच दिला होता, तेवीस वर्षांपूर्वी. निळं मशीन म्हणजे गोमाचं मशीन.

गोमा त्याचा हेल्पर. नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला वाडी आहे, तिथून चालत यायचा. त्या साली दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तो चकमध्ये जॉब बांधत असताना मशीन सुरू झालं आणि त्याचा उजवा हात कोपराखाली गेला. “मी लीव्हरला हात नाय लावला, आपोआप पडला,” असं तो शुद्धीत येईल तेव्हा सांगत होता. लोक म्हणाले, दसऱ्याची दारू उतरली नसेल. चौकशीला साहेब बसले, त्यांनी जगनला विचारलं, लीव्हर ठीक होता का. जगन म्हणाला, “हो साहेब.” गोमाला कामावरून काढलं.

आणि लीव्हर ठीक नव्हता. नवमीच्या दिवशी त्याची स्प्रिंग तुटली होती. दुसऱ्या दिवशी पूजेला मशीन चालू दाखवायचं होतं, दुकानं बंद झाली होती. जगनने खिशातलं पेन उघडलं, त्यातली स्प्रिंग काढून आत टाकली, स्क्रू पिळला, आणि वरून निळा रंग मारून मोकळा झाला. सुपरवायझरला सांगितलं, त्यानेही सांगितलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नवी टाकून घेतो. अपघातानंतर जगनने विचारलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, कधीच बदलली. जगनने ते मानलं. मानण्यातच त्याची सोय होती.

आता त्याने चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. स्क्रूची खाच निळ्या रंगाने काठोकाठ भरलेली होती. त्या रंगावर स्क्रू-ड्रायव्हरचा साधा ओरखडाही नव्हता. नवी स्प्रिंग टाकायची तर स्क्रू फिरवावा लागला असता, आणि फिरवला असता तर रंग फुटला असता. त्या दिवसापासून आजपर्यंत इथे कुणाचाही हात लागला नव्हता.

त्याने थिनरने खाच मोकळी केली, स्क्रू काढला. तळहातावर आधी गोळी पडली आणि मग ती स्प्रिंग आली. बारीक, काळपट, बसकी झालेली. जगन तिथेच फरशीवर बसला.

दोन मिनिटांचं काम होतं. अपघातानंतर वीस-बावीस वर्षं तो याच मशीनपुढे रोज आठ तास उभा राहिला आणि हा स्क्रू त्याने एकदाही उघडला नाही. उलट त्याने लीव्हरला एक सुतळी बांधली. जॉब बांधायच्या आधी सुतळी वरच्या खिळ्याला अडकवायची, म्हणजे लीव्हर खाली पडणार नाही. नव्या हेल्परांना तो दटावून सांगायचा, सुतळी अडकवल्याशिवाय चकला हात लावायचा नाही. लोक म्हणायचे, जगनभाऊ फार काळजीवाले. ती काळी पडलेली सुतळी त्यानेच गेल्या आठवड्यात कापून टाकली होती. ज्या माणसाला लीव्हर ठीक वाटतो तो त्याला सुतळी कशाला बांधेल? जगनला स्वतःची अतोनात लाज वाटली.

हौसा चहा घेऊन आली तर तो तसाच बसलेला. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ती स्प्रिंग चिमटीत धरून उजेडात पाहिली.

“आता सांगून त्याचा हात येनार हाय का?” ती म्हणाली.

“नाय येनार.”

“मंग? तुमच्या जिवाला खाल, आनी त्यांच्या पन. तेवीस वर्सां झाली. इसरला असंल तो.”

“मी इसरलो का?” जगन म्हणाला.

 पनवेलच्या बाजारात गोमाची बायको शुक्री रानभाज्या घेऊन बसते आणि ती कोपऱ्यात दिसली की आपला नवरा लांबच्या गल्लीने वळतो, हे हौसा पुष्कळ वर्षं बघत आली होती. तिने चहाचा कप पुढे केला.

दुसऱ्या दिवशी जगन वाडीवर गेला. गोमा घरापुढे बसून कोयत्याला धार लावत होता. कोयता दोन्ही पावलांत दाबलेला, डाव्या हातात दगड. अंगात लांब बाह्यांचा शर्ट, उजवी बाही खाली रिकामी लोंबत होती.

“जगनदादा? तुमी?”

जगनने काडेपेटी काढली, उघडून त्याच्यापुढे धरली. रिक्षात बसून त्याने बोलायचं ठरवलेलं सगळं तिथे आटलं.

“लीव्हरातली स्प्रिंग हाय. पेनातली. मीच टाकलेली, नवमीला. बदलली म्हनून सांगितलं मना, पन बदललीच नव्हती. तुजा हात लागला नव्हता गोमा. तो आपोआपच पडला. साहेबाला मी खोटं बोललो.”

गोमाने दगड खाली ठेवला. काडेपेटी डाव्या हातात घेतली.

“मी तवाच सांगितलं व्हतं,” तो म्हणाला.

“व्हय.”

“सगळ्यांना सांगितलं. मंग लोकं एवडी बोलली, एवडी बोलली, का मनाच वाटाला लागलं, लागला असंल हात.” त्याचा आवाज चढला नाही. “शिवी द्यावी तर ती पन आता येत नाय बगा. मना नका सांगू. तिला सांगा.”

शुक्री दारात उभी होती. लग्नात गोमाने तिच्या बापापुढे दारू सोडल्याची आण घेतली होती, हे जगनला ठाऊक होतं. त्या दसऱ्यालाही तो नुसतं सरबत घेऊन बसला होता, हेही त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

“मना यंत्रातलं काय कळतं, दादा?” शुक्री म्हणाली. “दवाखान्यात तुमची मानसं बोलली, पिऊन व्हता. तुमी पन व्हता तिथं. तुमी नाय बोलला का नव्हता पिला म्हनून. मी तेवीस वर्सां याला भाकर चुरून देते, आंगोळ घालते, आनी मनात बोलते, आण मोडलीस, देवानी हात नेला.”

जगनने मान खाली घातली. 

“मशीन चालू व्हनार हाय?” गोमाने विचारलं.

“दसऱ्याला.”

“मंग हीच स्प्रिंग टाकून चालवा. हिच्यापुढं.”

दसऱ्याला सकाळी दोघं आली. गोमाने धुतलेला शर्ट घातला होता. शेडच्या दाराला झेंडूचं तोरण होतं, हौसा पूजेचं ताट घेऊन उभी होती. तिने शुक्रीला खुर्ची दिली, शुक्री बसली नाही. जगनने नवी आणलेली स्प्रिंग बाजूला ठेवली. पेनातली स्प्रिंग आत घातली, गोळी लावली, स्क्रू पिळला. लीव्हर मधल्या जागी आणला. सर्वांना हाताने मागे सारून त्याने मोटर सुरू केली.

मोटर एकसुरात घुमायला लागली. चक उभा होता. लीव्हर जागेवर होता.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. लीव्हर हलला नाही. हौसाच्या ताटातली निरांजनं विझत आली. शुक्रीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि नजर जमिनीकडे नेली. तिच्या तोंडावर जुनंच काहीतरी परत यायला लागलं होतं.  गोमाच्या कपाळावर घाम आला होता.

 मग जगनच्या ध्यानात आलं. वर्कशॉपमधलं मशीन हालायचं. पायाखालची फरशी फुटलेली, बोल्ट ढिले, मोटर लागली की सगळा बेड थरथरायचा. इथे त्याने स्वतःच्या हाताने सगळं सरळ केलं होतं. आयुष्यात मशीन इतकं नीट त्याने कधी लावलं नव्हतं.

त्याने पाना उचलला. खाली बसला आणि दोन दिवस खपून बसवलेले ते बोल्ट एकामागून एक ढिले केले. पहिल्याने काही झालं नाही. दुसऱ्याने बेडमधून बारीक घरघर उठली. तिसरा सैल झाला आणि अख्खं मशीन अंग झाडायला लागलं, लेथच्या टोकाशी टेलस्टॉकवर ठेवलेली झेंडूची फुलं घरंगळून खाली पडली. जगन उठून मागे सरकला.

लीव्हर थरथरला. कुणीही त्याच्याजवळ नव्हतं. तो इंचभर खाली आला, अडकला, आणि मग टक् करून पडला. चक गरगर फिरायला लागला.

 शुक्री पुढे झाली, तिने गोमाची रिकामी बाही मुठीत धरली आणि त्याला मशीनपासून एक पाऊल मागे ओढलं.